चोविशीच्या आतले राघोबादादा

कोपरगावात गोदावरीकाठी राघोबादादांचा वाडा आहे. तो दाखवताना पाहुण्यांना गोष्ट सांगितली जाते ती मात्र पुण्याच्या शनिवारवाड्याची: १७७३, त्यांचे पुतणे नारायणराव पेशवे यांचा खून, 'ध'चा 'मा'. दादा पेशवे झाले ते त्या रक्तावरून चालत. त्याआधीची त्यांची घोड्यावरची वर्षं या गोष्टीखाली पार दबून गेली.

१७५४ मध्ये कुंभेरीला वेढा घातला तेव्हा दादा अजून विशीतही नव्हते. वेढा महिनोन्‌महिने चालला, किल्ला पडला नाही, आणि मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. आज आपला जिल्हा जिच्या नावाने ओळखला जातो, त्या अहिल्याबाईंचं वैधव्य याच वेढ्यातलं. शेवटी सूरजमल जाटाशी पैशांवर तह झाला.

दुसरी स्वारी वेगळी. १७५७ च्या पावसाळ्यात दिल्ली घेतली, रोहिला सरदार नजीबखान हाती सापडला. मल्हाररावांनी रदबदली केली आणि दादांनी त्याला जाऊ दिलं. माझ्या मते त्यांची सर्वांत महाग पडलेली चूक हीच. साडेतीन वर्षांच्या आत पानिपतावर हाच नजीब अफगाण बादशहा अब्दालीच्या शेजारी उभा होता. दिल्लीनंतर १७५८ च्या मार्चात सरहिंद घेतलं, एप्रिलात लाहोर. अब्दालीचा मुलगा तैमूरशाह आणि सेनापती जहानखान सामानसुमान टाकून पळाले. 'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार इथला, पण अटकेकडे गेल्या त्या पुढच्या तुकड्या. दादा स्वतः लाहोरहून माघारी फिरले.

फिरले, कारण तिजोरी रिकामी होती. पंजाब वर्षाला ७५ लाखांच्या करारावर तिथल्याच सरदार अदीनाबेगच्या हवाली केला. तो त्याच वर्षी सप्टेंबरात वारला, आणि करार कागदावरच राहिला. पुण्याला दादांनी आणलं ते कर्ज, ऐंशी लाखांच्या घरातलं. सदाशिवरावभाऊ हिशेबाला कडक. त्यांची बोलणी चुकली नाहीत. १७६० मध्ये उत्तरेची मोहीम भाऊंकडे गेली, दादा मागे राहिले.

पेशवाई मिळाली ती वर्षभरही धड टिकली नाही. विरोधी कारभाऱ्यांची बारभाई, सुरतेचा तह, इंग्रजांचा आश्रय, आणि १७८२ चा सालबाईचा तह. त्या तहाने दादांना महिना २५ हजारांचं वेतन ठरवून दिलं. ते घेऊन ते कोपरगावी राहायला आले, आणि १७८३ च्या डिसेंबरात इथेच वारले. वय ४९.