85 मिनिटांचं मालवण

पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. दुपारी बाराला बाबांचा फोन, "आजी अंगणात पडली. पाय मोडलाय. घाबरू नको, पण ये." मी दादरला मावशीकडे, घर मालवणला. डोक्यात पहिला विचार आला तो विमानाचा!

चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला होता. सुरुवातीच्या वेळापत्रकात मुंबईहून 11:35 ला निघून 1 ला चिपी. म्हणजे 85 मिनिटं. पण दिवसाला विमान एकच, आणि त्या दिवसाचं आत्ताच उडालं होतं. पुढचं थेट उद्या 11:35 ला.

मग मध्यरात्रीची तुतारी पकडली. सकाळी दहाच्या सुमाराला कुडाळ, तिथून एसटी. साडेअकराला मी आजीच्या खाटेशी होते. तेव्हा मुंबईत त्या दिवसाचं विमान अजून धावपट्टीवर असेल.

तेव्हापासून मला हे गणित करायची खोडच लागलीय. मुंबई ते चिपी हवेतलं सरळ अंतर साधारण 350 किलोमीटर. या मार्गावर पंख्याचं छोटं एटीआर विमान यायचं. ते ताशी 500 च्या आसपास उडतं. मग पाऊण तासात पोचायला हवं ना? नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. मुंबईत उड्डाणासाठी रांग, मग वर चढणं, शेवटी वेग कमी करत उतरणं, सगळं त्यातच.

त्यात घर ते विमानतळ धरलेलंच नसतं. दादरहून साडेआठला निघायचं, कारण चेक-इन. आणि चिपीला उतरल्यावर खरी गंमत. मालवण तिथून सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटर, पण मध्ये कर्लीची खाडी. समोर देवबाग, आणि आपण रिक्षात बसून नेरूरपारच्या पुलावरून वळसा घालतोय! घरी पोचेपर्यंत अडीच. एकूण सहा तास. तुतारीने साडेबारा. फरक मोठाच आहे, पण तिकिटावर दिसतो तेवढा नाही. आणि फोन बाराला आला तर तोही उरत नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे 'किती मिनिटांत पोचतं' यापेक्षा 'दिवसातून किती वेळा सुटतं' हे आधी विचारावं. उडान योजनेची तीन वर्षं ऑक्टोबर 2024 मध्ये संपली आणि हे मुंबईचं विमान थांबलं. तेव्हा आमच्या ग्रुपवरची पोरं सरळ मोपाची तिकिटं बघायला लागली. गोव्यात उतरायचं आणि उलटं वर यायचं, आणखी दीड-दोन तास.

आजीला यातलं काही पटत नाही. त्या दिवशी पायाला प्लास्टर, तरी पहिला प्रश्न, "विमानान इलंस?"

"नाय गो, तुतारीन."

"मगे भूक लागली असतली. पेज जेव आधी."