बटाट्याचं भरीत आणि नाकातला झणका

हॉर्सरॅडिश आपल्याकडे भाजीबाजारात मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून आपलं आजवर काही अडलेलंही नाही. थंड प्रदेशातलं हे एक मूळ. मुळ्यासारखं लांबट पण खरबरीत, वरून मातकट, आतून पांढरं. इंग्लंड, जर्मनी, पोलंड अशा देशांत ते किसून जेवणात घेतात, आणि उकडून कुस्करलेल्या बटाट्यात लोणी-दुधाबरोबर कालवलं की तिकडचं एक आवडतं तोंडीलावणं तयार होतं. आपल्या मंडळातली जी मुलं-मुली त्या बाजूला गेली आहेत, त्यांनी ते खाल्लंही असेल. माझी मावसबहीण म्युनिकला असते. तिने पहिल्यांदा ते खाल्लं तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली, "अरे, हे तर मोहरी लावलेलं बटाट्याचं भरीत!"

तिचं म्हणणं अगदी खरं आहे. अख्ख्या हॉर्सरॅडिशला वास जवळजवळ नसतो. मोहरीच्या अख्ख्या दाण्यांनाही नसतो. डब्यात नाक घालून बघा. दोन्हींच्या आत सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. (आमच्या धंद्यात सांगायचं तर दोन फाइली, दोन वेगळे फोल्डर.) किसलं, चेचलं, वाटलं की कप्पे फुटतात, ओलाव्यात दोघांची गाठ पडते आणि त्यातून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जातो तो झणका याचा. झाडाच्या बाजूने पाहिलं तर ही किड्यांना आणि गुरांना हाकलायची सोय आहे. माणूस मात्र ती मिटक्या मारत खातो. जपानी वसाबीत हेच द्रव्य असतं, आणि आपल्याकडच्या हॉटेलांत वसाबी म्हणून जो हिरवा गोळा ताटलीत येतो तो बहुतेक वेळा हिरवा रंग दिलेला हॉर्सरॅडिशच असतो.

इंग्रज साहेबांना हिंदुस्थानात आल्यावर हॉर्सरॅडिशची आठवण यायचीच. त्यांनी शोधून काढलेली बदली वस्तू आपल्या परसातली निघाली : शेवग्याचं मूळ. शेवग्याला इंग्रजीत 'हॉर्सरॅडिश ट्री' म्हणतात ते यामुळेच. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या जुन्या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही हे नाव आणि त्यामागचं हे कारण नोंदलेलं आहे. शेवगा, मोहरी, मुळा, कोबी, इतकंच काय पपईसुद्धा, वनस्पतिशास्त्रात एकाच मोठ्या गणातली. पपईची बी चावून पाहिली तर तोच झणका लागतो. पण मंडळी, इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेवग्याच्या शेंगा, पाला, फुलं खुशाल खा. मूळ मात्र खणून किसायला जाऊ नका. मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइडं असतात, आणि गरोदर बाईने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. आपल्याकडे मोहरी असताना त्याची गरजही नाही.

आम्ही दादऱ्याला राहतो. वापीहून सिल्वासाला जाताना रस्त्यात लागतं ते दादरा. बरेच जण वनगंगेच्या बागेपाशी थांबून फोटो काढतात आणि पुढे जातात. बाबा १९८९ साली नाशिकहून इथल्या एका कारखान्यात आले आणि इथलेच झाले. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो. १९५४पर्यंत इथे पोर्तुगीज अंमल होता. त्या वर्षी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली मुक्त झाली. बाबूजी म्हणजे सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे आपल्यातल्या ज्येष्ठांकडून अनेकांनी ऐकलं असेल. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा 'बटाटा' आपल्या तोंडी कायमचा राहिला. हा शब्द त्यांचाच, आणि पाव, कोबी हेही.

आज इथल्या कारखान्यांमुळे देशभरातली माणसं शेजारी आहेत. आमच्या खाली बिहारमधलं कुटुंब राहतं. रविवारी त्यांच्याकडे लिट्टी-चोखा असतो. चोखा म्हणजे उकडलेला बटाटा हाताने कुस्करून त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि कच्चं मोहरीचं तेल. तेल कच्चंच हवं, हे भाभींनी आईला दोनदा बजावून सांगितलं. धूर येईपर्यंत तापवलं की झणका उडून जातो आणि उरतं ते नुसतं तेल. बंगाली घरांतही भाताबरोबर असाच बटाटा करतात. म्हणजे म्युनिक, पाटणा, कोलकाता आणि आमच्या आईचं माहेर निफाड, सगळीकडे कुस्करलेल्या बटाट्याला एकच गोष्ट हवीशी वाटली आहे. मला ते पटतं. बटाटा हा स्वभावाने इतका मवाळ की त्याला कोणीतरी टोचणारं लागतंच.

हे सगळं मी खोलात जाऊन वाचायला लागलो ते बाबांमुळे.

२०२१च्या एप्रिलमध्ये बाबांना करोना झाला. त्यातून ते सुखरूप बाहेर आले, पण वास गेला तो गेलाच. आठवडे गेले, महिने गेले. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळायचं, बाकी काही नाही. वरण आणि आमटीत त्यांना फरक लागेना. आंबा म्हणजे गोड गर. बाबा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. ते फक्त कमी जेवायला लागले. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरलं. आईची अवस्था वेगळीच. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या पहिल्या घासाकडे बघून मीठ बरोबर आहे की नाही ते ओळखलं, त्याच्या चेहऱ्यावर आता काहीच उमटत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "भिंतीला वाढल्यासारखं वाटतं रे."

वापीच्या डॉक्टरांनी वासाचा सराव द्यायला सांगितला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, या चार वासांच्या चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली काही सेकंद हुंगायची, आणि हुंगताना तो वास आठवायचा. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेसडेनचे डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये मांडली. तिचा उपयोग हळू होतो आणि सगळ्यांना सारखा होत नाही. घरात कोणाचा वास गेला असेल त्यांनी आणखी एक करावं : स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवावा. दूध करपलेलं कळत नाही त्याला सिलेंडर गळतोय हेही कळत नाही, आणि ही माणसं दुपारी घरात एकटी असतात.

त्याच सुमारास श्रावणात आईने बटाट्याचं भरीत केलं, आणि मोहरी फेसून लावली. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, डोळ्यांत पाणी आलं, नाक चोळलं. आई घाबरली. बाबा म्हणाले, "लागलं!" आणि त्यांनी दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं.

चमत्कार वगैरे काही नव्हता. वास ओळखणारी नस वेगळी आणि नाका-डोळ्यांची झोंबणारी, चुरचुरणारी जाणीव मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस वेगळी. मोहरीचा झणका या दुसऱ्या वाटेने जातो. टीआरपीए-१ नावाचा एक ग्राहक त्या नसेच्या टोकांवर असतो, तो आयसोथायोसायनेटने चाळवतो. हे २००४मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. त्यांना पुढे २०२१मध्ये उष्णतेच्या आणि स्पर्शाच्या संवेदनेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. जपानमधल्या काही संशोधकांनी तर बहिऱ्या माणसांना आग लागल्यावर जागं करण्यासाठी वसाबीची वाफ सोडणारा अलार्म बनवला आणि २०११चं इग नोबेल मिळवलं. करोनात काहींची ही दुसरी वाटही बोथट होते. बाबांची शाबूत होती. त्यामुळे वास परत आला नव्हता, पण जेवणात काहीतरी घडत होतं. त्यांच्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यातून दोनदा हे भरीत होतं, आणि आता कृतीकडे वळतो.

मराठीत वाटणं वेगळं आणि फेसणं वेगळं. मोहरी वाटत नाहीत, फेसतात. थोड्या पाण्यात ती इतकी घोटायची की रंग फिकट होतो, फेस धरतो आणि वाफ नाकाशी येते. नाकाला झोंबलं नाही तर फेसणं झालं नाही, हीच आईची परीक्षा. दाणे घ्या लहान, तांबूस-काळ्या मोहरीचे. पिवळ्या मोहरीत द्रव्य वेगळं असतं, ती जिभेला झोंबते पण नाकात चढत नाही. मोहरीची डाळ मिळाली तर काम निम्मं होतं. सिल्वासा-वापीकडे दुकानात 'राईना कुरिया' म्हणून मागा, लोणच्याच्या दिवसांत तर ढीग असतो. पाटा असेल तर उत्तम, खलबत्ताही चालेल. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात दोन चमचे मोहरी नुसती भिंतींना चिकटते, म्हणून चटणीच्या लहान भांड्यात ती कोरडी बारीक करा आणि मग वाटीत पाणी घालून चमच्याने जोरात फेटा.

पाणी थंड किंवा साधं. गरम पाण्याने एन्झाइम मरतं, मग कितीही घोटा, नुसता कडवटपणा मिळतो. फोडणीतल्या मोहरीला झणका नसतो त्याचंही कारण हेच : तेलात तडतडली की ती खमंग होते, तिखट होत नाही. फेसल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवायची. दही किंवा लिंबू त्यानंतर, आधी नाही. आंबटपणाने एन्झाइमचं काम मंदावतं. तिकडची मंडळी हॉर्सरॅडिश किसून थोडं थांबतात आणि मग व्हिनेगर घालतात, तेही यासाठीच. आईला मी हे एन्झाइम प्रकरण समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आम्ही काय वेगळं करतो?"

अर्धा किलो म्हणजे चारेक मध्यम बटाटे सालासकट उकडा. नवे बटाटे चिकट होतात, जुने मोकळे कुस्करतात. शीतगृहातून नुकता आलेला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. तो चार-आठ दिवस बाहेर टोपलीत राहू द्या. गरम असतानाच सोला आणि हाताने किंवा पावभाजीच्या मॅशरने कुस्करा. मिक्सरला लावू नका, खळ होईल. आता थांबा. बटाटा हाताला सोसेल इतका निवला की फेसलेली मोहरी घाला. पहिल्यांदा करणाऱ्यांनी एक चमचा मोहरीची, सवय असलेल्यांनी दोन चमच्यांची. वाफाळत्या बटाट्यात घातली तर झणका पंख्याच्या वाऱ्यावर जातो आणि शेजाऱ्यांना शिंका येतात. मग पाऊण वाटी घट्ट दही, मीठ, चिमूटभर साखर, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर. वरून तूप-जिरे-हिंगाची फोडणी, तीही निववून. आमच्याकडे दह्यात थोडं बीट किसून घालतात. बाबांना वास नाही तर निदान रंग तरी दिसावा, हा आईचा हिशेब.

परदेशातल्या वाचकांसाठी : तिकडे किसलेलं हॉर्सरॅडिश बाटलीत मिळतं, ते मोहरीच्या जागी घालून दह्यातलं हेच भरीत करून बघा. बाटलीत व्हिनेगर असतं, तेव्हा दही गोडं घ्या. बाटली उघडल्यावर फार दिवस ठेवली तर जोर राहत नाही. अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर फक्त बाहेरून लावण्यासाठी असं लिहिलेलं दिसेल. त्यातल्या इरुसिक आम्लामुळे तिथे ते खाद्यतेल म्हणून मान्य नाही. चोख्याची हौस असेल त्यांनी फेसलेली मोहरी साध्या तेलात कालवून घालावी. ज्यांना पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास आहे त्यांनी जपून, आणि लहान मुलांना बिनमोहरीचं बाजूला काढून ठेवावं.

बाबांचं वजन आता पुन्हा चार किलोंनी वाढलं आहे. लवंगेचा वास त्यांना येतो, लिंबाचा कधी येतो कधी नाही. गुलाबाच्या बाटलीला ते अजून "पाणी" म्हणतात.

भरीत उरलं तर फ्रीजमध्ये टिकतं, पण दुसऱ्या दिवशी झणका बराच उतरलेला असतो. त्यावर पुन्हा मोहरी फेसत बसण्यापेक्षा त्यात मावेल तेवढी भाजणी मळा आणि थालीपिठं लावा. दही आधीच आहे, त्यामुळे पाणी अगदी बेताने.