इंजिनाचें तेल बदलावें कशास?

ट्रॅक्टरच्या इंजिनांतील तेल बोटांस बुळबुळीत लागतें, मग तें बदलावें कशास, असें आमचे कित्येक शेतकरी बंधु पुसतात. तो बुळबुळीतपणा फसवा आहे. ह्या तेलांत जस्त, स्फुरद व गंधक यांचें एक संयुग मिसळलेलें असतें. १९४० च्या दशकापासून तें वापरांत आहे. जेथें लोखंड लोखंडावर दाबून घासतें, तेथें तें विघटन पावून सुमारें १/१०,००० मिलिमीटर जाडीचा कांचेसारखा लेप धरतें. मग झीज सोसतो तो लेप. पण लेप वारंवार नवा होतांना संयुग सरत जातें, हें हातास कळत नाहीं. रंगावरूनहि नाहीं, डिझेलच्या काजळीनें नवें तेलहि लौकरच काळें पडतें. यास्तव माहितीपुस्तकांतील तास मोजूनच तेल बदलावें, असें आमचें मत आहे. जुनें तेल फडक्यांतून गाळून पुनः ओतल्यानें कचरा जाईल. सरलेलें संयुग परत येत नाहीं.