दाढीतला वण कसा झाकावा?

प्रत्येक गावात कोणाच्या ना कोणाच्या तोंडावर एखादा जुना वण असतोच. कोणाला लहानपणी बैलाचे शिंग लागलेले असते. कोणी चुलीपाशी भाजलेला असतो. कोणाच्या हनुवटीला विळा लागलेला असतो. कोणाला तरुणपणी मोठी मुरमे येऊन गेलेली असतात. काही वडीलधाऱ्यांच्या गालांवर देवीचे वण आहेत. देवीचा रोग आता जगात उरलेला नाही. आपल्या देशात त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, पण त्याच्या खुणा राहिल्या.

दाढीच्या जागचा वण जास्त डोळ्यांत भरतो. भोवती केस असतात आणि मधली जागा उघडी राहते. गव्हाच्या शेतात मधेच एक पट्टा रिकामा राहावा, तसे दिसते. आम्ही शाळेत असताना पाहिले आहे. अशी मुले फोटोच्या वेळी मान फिरवून उभी राहत. मोठेपणी हीच माणसे मुलगी पाहायला जाताना अवघडतात. मग कोणी बाजारात एक बाटली दाखवतो आणि म्हणतो, "महिन्यात वण गायब!" गरजवंत माणूस पैसे मोजतो. म्हणून या गोष्टीची नीट माहिती असलेली बरी.

वणावर केस का येत नाहीत?

केसाचे मूळ कातडीच्या आतल्या थरात असते. जखम वरवरची असली तर मूळ वाचते. जखम खोल गेली की मूळ मरते. मग शरीर ती जागा बुजवते, पण जुन्यासारखी कातडी करत नाही. ते चिवट धाग्यांचे ठिगळ लावते. त्या ठिगळात केसांची मुळे नसतात. खडकावर बी टाकले तर उगवेल का? तसेच हे आहे. मेलेले मूळ कोणत्याही तेलाने जिवंत होत नाही. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील.

आधी वण ओळखा

सगळे वण सारखे नसतात. काही सपाट असतात, फक्त रंग वेगळा असतो. काही खड्ड्यासारखे खोल असतात. काही उंच, टणक गाठीसारखे असतात. गाठ मूळ जखमेच्या बाहेर पसरत गेली, तर डॉक्टर तिला कीलॉइड म्हणतात. प्रत्येकाचा उपाय निराळा. खड्ड्याचा उपाय गाठीला चालत नाही.

आणखी एक गोष्ट. जखम झालेली नसताना दाढीत टक्कल पडले, तर तो वण नव्हे. गुळगुळीत गोल चट्टा पडून केस गेले, तर ती चाई असू शकते. चाईत मुळे मरत नाहीत. केस पुष्कळदा परत येतात. खाज सुटते, कातडी लाल होते, पुळ्या येतात, तर तो नायटा असू शकतो. चट्टा फिकट किंवा तांबूस आहे आणि तिथे हात लावलेला कळत नाही, तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध तिथे फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. असले चट्टे झाकू नका, दाखवा.

आता जुना, खरा वण कसा झाकायचा ते पाहू. स्वस्तातला उपाय आधी सांगतो.

पहिला उपाय : कात्री आणि वस्तरा

चार दिवसांच्या खुंटांत वण सर्वांत जास्त दिसतो. भोवती काळे ठिपके आणि मधे उघडी रेघ. म्हणून दोनपैकी एक करा. रोज गुळगुळीत दाढी करा, म्हणजे केस असलेली आणि नसलेली जागा सारखी दिसते. नाहीतर दाढी चांगली वाढू द्या. तीन-चार आठवडे कात्री लावू नका. मग शेजारचे केस वणावर विंचरून घ्या. बारीक वण यानेच झाकला जातो. न्हाव्याला सांगा, "बाबा, या बाजूचे केस लांब ठेव." चांगल्या कारागिराला एवढे पुरते.

खड्ड्याच्या वणाला दाढी वाढवणेच बरे. गुळगुळीत गालावर खड्ड्याची सावली पडते. उंच गाठ असेल तर तिच्यावर वस्तरा चालवू नका. ती कापली जाते आणि चिडते. तिथले केस कात्रीने कापा. पांढऱ्या दाढीला कलप लावणाऱ्यांनीही जपावे. दाढी काळीभोर झाली की फिकट वण उलट उठून दिसतो. कलपाने कातडीला खाज आली, सूज आली, तर तो पुन्हा लावू नका. आणि न्हाव्याकडे दरवेळी नवे पाते मागा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरा उपाय : कातडीच्या रंगाची क्रीम

बाजारात कातडीच्या रंगाची दाट क्रीम मिळते. तिला कन्सीलर म्हणतात. नाटकातले लोक लावतात, तसलाच हा प्रकार. आपल्या रंगाशी जुळणारी घ्यावी. बोटाने थोपटून लावावी, चोळू नये. वर थोडी पावडर लावावी. रात्री तोंड धुऊन काढून टाकावी. लग्नकार्यापुरते हे छान चालते. पण क्रीम फक्त रंग झाकते. खड्डा भरत नाही, गाठ बसवत नाही. शेतात घाम आला की ती ओघळते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा उपाय : बारीक ठिपक्यांचे गोंदण

हल्ली वणाच्या जागी सुईने बारीक ठिपके गोंदतात. ते दाढीच्या खुंटांसारखे दिसतात. दाढी बारीक ठेवणाऱ्याला हे शोभते. काही वर्षांनी ठिपके फिके पडतात आणि पुन्हा गोंदावे लागतात. पण हे काम जत्रेतल्या गोंदणाऱ्याचे नव्हे. त्याचे काळे पुढे हिरवे-निळे दिसू लागते. शिवाय एकच सुई अनेकांना टोचली, तर कावीळ आणि एड्सचे जंतू पसरू शकतात. सुई नवी, आपल्यासमोर फोडलेली हवी. ज्याच्या अंगावर गाठीचे वण उठतात, त्याने गोंदूच नये. तिथेही गाठ येईल.

चौथा उपाय : डॉक्टरांचे इलाज

वण नवा असेल तर साधारण वर्षभर थांबा. या काळात तो आपोआप मऊ आणि फिका होत जातो. उन्हात जाताना टोपी घाला किंवा उपरणे गुंडाळा. उन्हाने वणाचा रंग गडद होतो.

जुन्या उंच गाठीत डॉक्टर औषधाचे इंजेक्शन देतात. ते काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा घ्यावे लागते. काही वेळा सिलिकॉनची पट्टी लावायला देतात. गाठ नुसती कापून टाकू नये. कीलॉइड कापल्यावर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठे होऊन येते. खोल खड्डा असेल तर सुईने आतले धागे सोडवतात, किंवा लेझर वापरतात. त्याने खड्डा उथळ होतो, नाहीसा होत नाही. रुंद वण कापून पुन्हा बारीक शिवता येतो. मग रुंद पट्ट्याच्या जागी बारीक रेघ उरते आणि ती दाढीत लपते.

भाजल्याच्या वणाने तोंड पुरे उघडत नसेल किंवा मान ओढली जात असेल, तर हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. सरकारी मोठ्या रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीच्या डॉक्टरांना दाखवा.

पाचवा उपाय : केस लावणे

भाताची रोपे उपटून दुसरीकडे लावतात ना? तसेच डोक्याच्या मागचे केस मुळांसकट काढून वणात लावतात. दोन-चार आठवड्यांत लावलेले केस गळतात. घाबरू नये, मूळ आत असते. तीन-चार महिन्यांनी नवे केस फुटू लागतात. पुरता परिणाम दिसायला वर्ष लागते. पण वणाच्या जागी रक्तपुरवठा कमी असतो. म्हणून तिथे सगळी रोपे जगत नाहीत. काही डॉक्टर आधी थोडेच केस लावून पाहतात. कीलॉइड उठणाऱ्याला हा उपाय सहसा करत नाहीत.

हा उपाय महाग आहे. ही शस्त्रक्रिया आहे, हजामत नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितले आहे की हे काम नोंदणी असलेल्या, शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावे. तेव्हा पाटी पाहून आत शिरू नका. डॉक्टर कोण, किती वेळा यावे लागेल, एकूण खर्च किती, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. तो कागद घरी आणून वाचा. आता आपल्याला वाचता येते, त्याचा उपयोग इथे करा.

हे मात्र करू नका

वणावर बिब्बा लावू नका. बिब्बा उततो आणि नवा वण पडतो. चुना कातडी जाळतो. लिंबू लावून उन्हात गेल्यास डाग पडतात. दुकानदाराने दिलेली गोरे करणारी क्रीम मनाने लावू नका. पुष्कळ क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते आणि मुरमे उठतात.

शेवटी एवढेच सांगतो. वण पुसून टाकणारा उपाय अजून कोणाजवळ नाही. वण कमी दिसेल असे उपाय आहेत. वण झाकावासा वाटला तर त्यात पाप नाही. न झाकता ताठ मानेने फिरले तरी त्यात कमीपणा नाही. पण वणासाठी सावकाराच्या दारी जाऊ नका. वण गाल सोडून बाहेर जात नाही. कर्ज मात्र सारे घर खाते.

वाचून सांगा

१. वणावर केस का उगवत नाहीत?
२. चाई आणि वण यांत फरक काय?
३. चार दिवसांच्या खुंटांत वण जास्त का दिसतो?
४. डॉक्टरांकडून कागदावर काय काय लिहून घ्यावे?