किलोच्या हिशेबापलीकडे: वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेकडून कोणती अपेक्षा ठेवावी?

उज्जैन येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रस्ते प्रकल्पांच्या पायाभरणीचा सोहळा झाला. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी व्यासपीठावरूनच स्थानिक खासदार अनिल फिरोजिया यांच्यापुढे एक गमतीदार अट ठेवली. वजन घटवावे आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे विकासकामांसाठी एक हजार कोटी रुपये न्यावेत, अशी ती अट होती. त्या वेळी १२७ किलो वजन असलेल्या फिरोजिया यांनी ती मनावर घेतली. पहाटेचे चालणे, व्यायाम, योगासने आणि मोजका आहार यांच्या बळावर त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत आपले वजन ३२ किलोंनी उतरल्याचे त्यांनी सांगितले.

आपलेही वजन एकेकाळी १३५ किलो होते व ते ९३ किलोंवर आले, असा दाखला गडकरी यांनी दिला होता. मात्र गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. एकाने शस्त्रक्रियेविना, तर दुसऱ्याने शस्त्रक्रियेच्या साहाय्याने गाठलेला पल्ला लोकांपर्यंत पोहोचला तो केवळ किलोच्या आकड्यांत. शस्त्रक्रियेसाठी येणारा रुग्णही बहुधा असाच एक आकडा मनाशी धरून येतो. पुढील समाधान वा निराशा पुष्कळदा त्या आकड्यावर ठरते.

हा प्रश्न गोव्यालाही परका नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा स्थूल आहेत. गोव्यात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

या शस्त्रक्रियेत चरबी कापून काढली जाते, हा समज अजूनही आढळतो. वास्तविक पोटावरील चरबीला येथे हात लावला जात नाही. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून उरलेल्या भागाला अरुंद नळीचा आकार दिला जातो. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. दोन्हींत अन्न कमी मावते. पण परिणाम तेवढ्यापुरता नसतो. भूक आणि तृप्ती यांचे नियमन करणारी संप्रेरके बदलतात. बायपासनंतर कित्येक मधुमेही रुग्णांची साखर वजन लक्षणीय उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागते, ती यामुळे.

अपेक्षा किती, फलित किती?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या ६० स्थूल स्त्रियांना त्यांचे अपेक्षित वजन विचारले. त्यांचे सरासरी ध्येय शरीराच्या वजनात ३२ टक्के घट हे होते. १७ किलो घट झाली तर आपली निराशाच होईल, असे त्यांचे मत होते. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर प्रत्यक्षात सरासरी १६ किलो वजन उतरले. प्रकृतीच्या दृष्टीने हे यश उल्लेखनीय होते. तरीही जवळपास निम्म्या स्त्रिया स्वतः ठरविलेल्या ‘निराशे’च्या रेषेपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.

शस्त्रक्रियेने ही मर्यादा बरीच पुढे सरकते, पण नाहीशी होत नाही. सर्वसाधारणपणे पहिल्या एक ते दीड वर्षात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के घट होते. म्हणजे १२० किलोंची व्यक्ती साधारणतः ८४ ते ९० किलोंच्या आसपास येते. डॉक्टर याला उत्तम फलित म्हणतील. साठ किलोंचे स्वप्न पाहणाऱ्या रुग्णाला मात्र आपण फसलो असे वाटू शकेल.

उज्जैन विभागातीलच नीमचचे एक पोलीस निरीक्षक २०१७ मध्ये देशभर चर्चेचा विषय झाले. मुंबईतील पोलीस समजून त्यांचे छायाचित्र समाजमाध्यमावर थट्टेसाठी टाकले गेले होते. आपली स्थूलता आजारातून आलेली आहे, असे त्यांनी सांगितले. पुढे मुंबईत त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया झाली आणि १८० किलोंवरून सुमारे ६५ किलो वजन उतरल्याचे वृत्त आले. हे प्रमाण मूळ वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक, म्हणजे सरासरीपेक्षा सरस आहे. तरीही उरलेले ११५ किलो पाहून रस्त्यावरील अनोळखी माणूस त्यांना स्थूलच म्हणेल. वैद्यकीय यश आणि लोकांच्या नजरेतील यश यांतील अंतर रुग्णाने आधीच ओळखलेले बरे.

अपेक्षांचा पेच रुग्णापुरता राहत नाही. इजिप्तहून सुमारे ५०० किलो वजनाची एक महिला त्याच वर्षी उपचारांसाठी मुंबईत आली. शस्त्रक्रियेनंतर वजन तीनशे किलोंहून अधिक उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तर तिच्या बहिणीने हा दावा खोटा ठरवीत प्रकृती सुधारली नसल्याची जाहीर तक्रार केली. वजन किती उतरले, याइतकाच ‘बरे होणे’ म्हणजे काय, हाही त्या वादाचा गाभा होता. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले.

परिणाम टिकतो का?

स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून याचे उत्तर मिळते. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी, तर दहा वर्षांनी १७ टक्क्यांनी कमी होते. वीस वर्षांनीही १८ टक्के घट टिकून होती. मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. काही वजन परत येणे आणि काहींचा मधुमेह पुन्हा डोके वर काढणे हे अपवादात्मक नाही. म्हणूनच ‘कायमची सुटका’ हा शब्दप्रयोग येथे लागू पडत नाही.

लाभाची मोजदाद वेगळ्या मापाने करावी लागते. इन्सुलिनची मात्रा घटणे, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होणे, झोपेत श्वास अडखळणे थांबणे, गुडघ्यांवरील भार हलका होऊन जिना चढता येणे, स्त्रियांची अनियमित मासिक पाळी सुधारणे, हे बदल वजनकाट्यावर दिसत नाहीत. दुसरीकडे सैल पडलेली त्वचा, केसगळती, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता यांची कल्पना रुग्णाला आधी असावी लागते. अनुभवी हातांत जिवाचा धोका अल्प, हजारात साधारण एक ते तीन इतका मानला जातो. पण टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि रक्ताच्या गुठळ्या हे धोके राहतातच.

ताटातील बदल

जठर लहान झाले तरी ताटाभोवतीची संस्कृती तीच राहते. माळव्यात सकाळ पोहे-जिलबीने होते आणि पाहुणचार तुपात बुडविलेल्या बाफल्यांनी. गोव्यात चतुर्थीच्या नेवऱ्या, नाताळचे दोदोल आणि समारंभातील पेय यांना नकार देणे सोपे नसते. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात झपाट्याने उतरल्यास घाम, धडधड आणि जुलाब होतात. मद्यही रक्तात लवकर भिनते. उलट आइस्क्रीम वा सरबतासारखे पातळ गोड पदार्थ लहान जठरातूनही सहज सरकतात आणि नकळत वजन वाढवितात. थोड्या अन्नात पुरेशी प्रथिने मिळावीत म्हणून डाळी, पनीर, अंडी वा मासळी आधी आणि भात-पोळी नंतर, असा क्रम लावावा लागतो. बी-१२, लोह, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पूरक गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर चालू राहते. मातृत्वाची इच्छा असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो.

पात्रता आणि खर्च

१९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार बीएमआय ४० असल्यास, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असल्यास ही शस्त्रक्रिया सुचविली जात असे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण मर्यादा ३५ वर आणली, तर आशियाई वंशाच्या रुग्णांना २७.५ पासून हा पर्याय देता येतो असे नमूद केले. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय ४०, अथवा अनियंत्रित मधुमेहासारख्या ठरावीक गंभीर व्याधींसह ३५ अशाच आहेत. शिवाय सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावे लागतात. डॉक्टरांच्या लेखी पात्र ठरलेला रुग्ण विमा कंपनीच्या लेखी अपात्र ठरू शकतो, तो यामुळे. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळही तारीख ठरविण्यापूर्वी पाहून घ्यावा.

शल्यचिकित्सकाशी पहिल्या भेटीत ‘किती किलो उतरतील?’ हा प्रश्न विचारला जातोच. त्याच्या जोडीने आणखी काही प्रश्न विचारावेत. माझी कोणती व्याधी सुधारण्याची शक्यता आहे? पाच वर्षांनंतर तुमच्या रुग्णांचे काय होते? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ सोबत असतील का? वजन पुन्हा वाढू लागले तर पुढे काय करता येईल? या भेटीला घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही सोबत असावी. शस्त्रक्रियेनंतरची पथ्ये तिच्या मदतीवाचून पाळली जात नाहीत.