दिवा आहे, पण बसवायचा कशावर?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे गेली, की इथल्या सायकलवाल्यांचा अंधाराचा मोसम सुरू होतो. डिसेंबरच्या मध्याला लंडनमध्ये सूर्य चारच्या आतच मावळतो. शाळेतून परतणारी मुले, विद्यापीठातून येणारे विद्यार्थी, हॉस्पिटलातल्या पाळीवर निघालेली मंडळी, सगळे काळोखातच सायकल हाकतात. बहुतेकांकडे दिवा असतो, आणि हल्लीचे एलईडी दिवे चांगले लखलखीतही असतात. अडते ते दिवा हँडलला धरून ठेवणाऱ्या पकडीपाशी. ती हरवते, मोडते, किंवा जुन्या सायकलची नव्या सायकलला बसत नाही. मग दिवा सुतळीने बांधला जातो आणि पहिल्या खड्ड्याला मान खाली घालतो.

मान खाली घातलेला दिवा जवळजवळ विझलेल्या दिव्यासारखाच. आडरस्त्यावरून मोटार बाहेर काढणारा माणूस क्षणभर मान वळवून पाहतो. त्या क्षणी त्याला पांढरा ठिपका दिसला तर तो थांबेल. दिवा आपल्याच चाकावर प्रकाश पाडत असेल, तर त्याच्या लेखी रस्ता मोकळा आहे. म्हणून दिवा किती भारी घेतला यापेक्षा तो कसा बसवला याला मी अधिक महत्त्व देतो.

आधी कायद्याचे थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९८९ च्या नियमांनुसार सूर्यास्त ते सूर्योदय सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो. मागे लाल रिफ्लेक्टर हवा, आणि ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलच्या पेडलांना पिवळसर रिफ्लेक्टर हवेत. लुकलुकणारे दिवे २००५ पासून चालतात. पुढचा दिवा मधोमध किंवा उजव्या अंगाला हवा, जमिनीपासून दीड मीटरपेक्षा उंच नको. घरी पकड बनवणाऱ्याने निदान ही उजव्या अंगाची अट तरी ध्यानात ठेवावी.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहू. हँडलची नळी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. मुठीजवळ साधारण २२.२ मिलिमीटर, तर मध्यभागी सायकलच्या जातीप्रमाणे २५.४, २६ किंवा ३१.८. जाड हँडलसाठी केलेली पकड बारीक नळीवर बसवायची, तर सगळीकडून जवळजवळ पाच मिलिमीटरची पोकळी भरावी लागते. लोक तिथे जुन्या ट्यूबचे पाच-सहा वेढे घालतात. एक वेढा उत्तम, दोनही चालतील. पुढे मात्र रबराची गादी होते आणि दिवा त्या गादीवर डुलू लागतो. पोकळी भरायला काहीतरी कडक हवे. प्लास्टिकच्या पाइपाचा दोन इंची तुकडा लांबीत चिरून नळीवर चढवावा, त्याखाली ट्यूबचा एकच थर द्यावा, आणि वरून पकड आवळावी. रबर घसरू देत नाही, प्लास्टिक डुलू देत नाही.

मुळात पकडच नसेल आणि हातातली बॅटरी, म्हणजे इथल्या भाषेतला टॉर्च, बसवायची असेल, तर प्लंबिंगच्या सामानाकडे वळावे. तांब्याच्या नळासाठी इथे १५, २२ आणि २८ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. २२ ची क्लिप हँडलवर बसते. दुसरी क्लिप टॉर्चच्या जाडीप्रमाणे निवडावी. दोन्ही क्लिपा पाठीला पाठ लावून, एकमेकींशी काटकोनात, एका बोल्टने जोडल्या की पकड तयार. नट नायलॉनचे कडे असलेला घ्यावा. साधा नट हादऱ्यांनी सैल होतो आणि दिवा आडवा फिरतो. या क्लिपा भिंतीवरचा नळ धरण्यासाठी केलेल्या असतात, रस्त्यावरच्या धक्क्यांसाठी नाहीत. म्हणून प्रत्येकीवर वरून एक केबल टाय हवाच.

केबल टायचे म्हणाल, तर नुसत्या दोन टायनेही लहान दिवा बसतो. ते शेजारी समांतर न बांधता फुलीसारखे बांधावेत. फुली दिव्याला फिरू देत नाही. काळे टाय उन्हात जास्त टिकतात. थंडीत नायलॉन ठिसूळ होते, तेव्हा मागच्या हिवाळ्यातल्या टायवर विसंबू नये. चिकटपट्टीवर तर माझा मुळीच भरवसा नाही. ओल्या थंडीत तिचा गोंद हमखास सुटतो. हँडल कार्बन फायबरचे असेल तर त्यावर धातूची जुबिली क्लिप आवळू नये. तडा जातो आणि बाहेरून दिसतही नाही. आणि काहीही बांधताना ब्रेकच्या तारा मोकळ्या राहतील हे पाहावे.

पुढे टोपली असलेल्यांची अडचण वेगळी. दुधाचा कॅन आणि कोथिंबिरीची जुडी टोपलीत पडली, की हँडलवरचा दिवा त्यांनाच उजळतो. अशा वेळी इंचभर जाडीचा झाडूच्या दांड्याचा वीतभर तुकडा घ्यावा आणि टोपलीच्या पुढच्या बाजूला दोन बोल्ट व रुंद वायसर लावून आडवा बसवावा. हे झाले दिव्यासाठी छोटेसे हँडल. आपल्याकडच्या जुन्या सायकलींना हँडलखाली लोखंडी पट्टी असे आणि डायनॅमोचा दिवा तिच्यावर बसे. पाय टेकला की दिवा गेला, ही त्याची खोड सोडली, तर जागा मात्र नेमकी होती.

काहीजण दिवा आणखी खाली, पुढच्या चिमट्यावर लावतात. त्यात फायदा आहे. खालून पडलेल्या प्रकाशात खड्ड्यांच्या सावल्या लांब होतात आणि रस्त्याचा चढउतार वाचता येतो. पण उभ्या मोटारींच्या आड तो दिवा लपतो. शिवाय पकड सुटून दिवा आऱ्यांत गेला, तर चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. मुलांच्या सायकलीला मी तिथे दिवा लावणार नाही. मोठ्यांनी लावलाच, तर बाहेरच्या अंगाला लावावा आणि चाकापर्यंत पोचणार नाही इतक्या आखूड दोरीने सांभाळावा. ही आखूड दोरी हँडलवरच्या दिव्यालाही असावी.

दिवा बसला की भिंतीसमोर पाच मीटरवर सायकल उभी करावी. दिवा जमिनीपासून एक मीटर उंच असेल, तर उजेडाचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटरवर पडावा, म्हणजे रस्त्यावर तो सुमारे दहा मीटरवर पोचतो. जर्मनीत दिव्यांसाठी हाच हिशेब नियमात होता. ताशी वीस किलोमीटरने दहा मीटर पार व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत, म्हणून याहून खाली रोखू नये. फार वर रोखला तर समोरच्याचे डोळे दिपतात; टॉर्चचा गोल झोत या बाबतीत विशेष त्रासदायक.

मग पुढचे चाक वीतभर उचलून चार-पाच वेळा जमिनीवर आपटावे आणि भिंतीवरचा उजेड पुन्हा पाहावा. तो खाली सरकला असेल तर पकड अजून ढिली आहे. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण दाबाखाली रबर तेवढ्यात बसलेले असते.