पदवी हातात, माणसं समोर

उत्तर प्रदेशातल्या एटा इथली हिंदुस्तान लिव्हरची डेअरी सत्तरच्या दशकात तोट्यात चालली होती. तिला पुरेसं दूधच मिळत नव्हतं. दूध का येत नाही याचा छडा लावायचा, असं कंपनीने ठरवलं. 1976 मध्ये तिने आसपासच्या गावांत ग्रामविकासाचं काम हाती घेतलं आणि पुढे नव्या मॅनेजमेंट ट्रेनींना तिथे शेतकऱ्यांच्या घरी राहायला पाठवण्याचा पायंडा पाडला. नामांकित संस्थांतून आलेली ही मुलं काही आठवडे खेड्यात काढत. तिथे त्यांच्या हाताखाली कोणी नसे. क्षारपड जमीन लागवडीखाली कशी येईल, जनावरांना चारा का पुरत नाही, हे विचारत हिंडायचं आणि जमेल तिथे हातभार लावायचा.

उत्तम मॅनेजरच्या गुणांची यादी एरवी नेतृत्व, दूरदृष्टी अशा भारदस्त शब्दांनी भरते. एटाने त्यातला एक गुण वेगळा काढून दाखवला: अधिकार नसताना समोरच्याचं ऐकून घेणं. वर्गातल्या केस स्टडीत प्रश्न कोणीतरी आधीच नीट मांडून ठेवलेला असतो. नोकरीत नेमका प्रश्न कोणता, इथपासून सुरुवात असते.

कॅनडाचे अभ्यासक हेन्री मिन्ट्झबर्ग यांनी पाच बड्या अधिकाऱ्यांबरोबर प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांच्या कामाच्या बारीक नोंदी केल्या. 1973 च्या त्यांच्या पुस्तकात त्या आल्या. या अधिकाऱ्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत. फोन, भेटी, मध्येच कोणाची तरी अडचण. निवांत बसून आराखडे आखणारा साहेब काही त्यांना सापडला नाही. अनुभव नसलेल्या तरुणांना वर्गात व्यवस्थापन शिकवता येत नाही, असं ते पुढे ठासून सांगत राहिले. हे थोडं टोकाचं वाटतं. ताळेबंद वाचता येणं, खर्चाचा हिशेब मांडता येणं ही मोठी शिदोरी आहे. मात्र नऊ मिनिटांत माणूस ओळखायला ती पुरत नाही.

गूगलने तर 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढूनच पाहिले. प्रयोग काही महिन्यांत गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट संस्थापक लॅरी पेज यांच्या टेबलावर येऊ लागलं. नंतर याच कंपनीने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’मध्ये आपल्या चांगल्या मॅनेजरांचा अभ्यास केला. आठ गुण निघाले. हाताखालच्यांना घडवणं पहिलं आणि तांत्रिक ज्ञान आठवं!

आपल्याकडची विक्रीतली पहिली नेमणूक पाहा. डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनबरोबर बाजारातली दुकानं पायी करायची. दुकानदार गल्ल्यावरून मान वर न करता म्हणतो, “साहेब, मागचाच माल पडून आहे.” इकडे महिनाअखेर आलेली, टार्गेट अपुरं. माल गळ्यात मारला की आकडा भरतो आणि पुढे तोच माल एक्स्पायर होऊन परत येतो. अशा वेळी फळीवर मागे सरकवलेले खोके मोजणारा, इथे मोठं पाकीट उठत नाही असं वरिष्ठांना स्पष्ट कळवणारा ट्रेनी त्या महिन्यात मागे पडतो. वाईट बातमी वर नेण्याचं हे धाडस जपायला हवं, आणि ते जपणं वरिष्ठांच्याच हातात असतं.

कामाच्या जागी जाऊन शिकण्याचं एक उदाहरण म्हणजे लीना नायर. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून इंजिनिअर झाल्या आणि 1992 मध्ये जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेतून सुवर्णपदक घेऊन हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या. मनुष्यबळ विभागातल्या मुलीने मुख्य कार्यालय सोडून कारखान्यात जावं, हे तेव्हा दुर्मीळ होतं. त्यांनी कोलकाता, अंबत्तूर आणि तळोजा इथल्या कारखान्यांत काम केलं, रात्रपाळीही केली. काही ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहदेखील नव्हतं, ते त्यांच्यासाठी बांधावं लागलं. एका पदवीधर मुलीच्या नेमणुकीने कारखान्याच्या भिंती अशा हलल्या, ही गोष्ट कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोलाची आहे.

2016 मध्ये त्या युनिलिव्हर या पालक कंपनीच्या जगभरच्या मनुष्यबळ प्रमुख झाल्या आणि जानेवारी 2022 मध्ये शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या प्रमुख. फॅशनचा धंदा त्यांना नवा होता. सुरुवातीच्या काळात त्यांनी शनेलची दुकानं आणि कारखाने पालथे घातले, तिथे काम करणाऱ्यांना भेटून त्यांचं ऐकून घेतलं.